अकराशे ऐंशी माणसांत एक

मंगळवार, १७ ऑक्टोबर

देशात तिसरं! आमचं हाल्वर! धोकादायक छोट्या गावांच्या यादीत!

गॉर्डन रूड सकाळी सव्वाआठला कागद फडकवत आमच्या पोलीस ऑफिसात आला. महापौर झाल्यापासून त्याची दार वाजवायची सवय गेली आहे, नुसतं ढकलतो. "आर्डिस, हे काय आहे?" म्हटलं, कागद आहे. "ही यादी तू केलीस?" मी कशाला करू? घरं विकणाऱ्यांच्या कुठल्याशा वेबसाइटनं केली आहे. आकडा मात्र माझा.

गणित साधं आहे. गेल्या वर्षी गावात एक खून. वस्ती अकराशे ऐंशी. दर लाख लोकांमागे किती, असा हिशोब मांडला की येतात चौऱ्याऐंशी पूर्णांक सात. शिकागोसुद्धा मागे पडलं! लाख माणसं आम्ही आणायची कुठून, हे त्या वेबसाइटवाल्यांनी विचारलं नाही. एफबीआय दरवर्षी आकड्यांबरोबर बजावते, की यावरून गावांचे नंबर लावू नका. ते पान कोण वाचतं!

"एकच तर होता," गॉर्डन म्हणाला.

एकच. कर्टिस ऑस्टबी, चौतीस वर्षांचा. बर्नाडीनचा मुलगा.

बुधवार, १८ ऑक्टोबर

कॅफेत शिरले तर आतून ओरडा — "दार लावून घे गं आर्डिस, तिसरा नंबर आलाय आपला!" सगळे हसले. मीही हसले. मग कोपऱ्यातल्या टेबलावर पाठमोरी बसलेली बर्नाडीन दिसली. सगळ्यांनाच एकदम दिसली बहुतेक. कॉफीत साखर ढवळायला लागले सगळे.

लोकांना वाटतं हे आकडे वॉशिंग्टनमध्ये तयार होतात. ते तयार होतात माझ्या टेबलावर. पोलीस शिपाई आपल्या भाषेत अहवाल लिहितो, मी त्याचे कोड करते. गुन्हा कोणता, किती वाजता, घरात की रस्त्यावर, हत्यार काय, ज्याचं नुकसान झालं त्याचं वय, करणाऱ्याशी त्याचं नातं. पूर्वी एका घटनेत तीन गुन्हे झाले तरी सगळ्यात मोठा तेवढा मोजायचा. आता सगळे मोजतात, प्रत्येक माणूस मोजतात. काम तिप्पट झालं, पण मला ही पद्धत आवडते. महिन्याच्या महिन्याला सगळं राज्याच्या राजधानीला, पिअरला जातं. तिथलं मशीन चुका पकडून परत पाठवतं. पकडता येत नाही ते पुढे देशाच्या बेरजेत जातं. बावीस वर्षं करतेय मी हे.

कर्टिसचं असं गेलं: नऊ-ए, म्हणजे खून. शॉटगन. बारचं पार्किंग. कारण — भांडण. नातं — मित्र.

गेल्या ऑक्टोबरातला, तितर शिकारीचा पहिला शनिवार होता. संध्याकाळी लुंडच्या बारमध्ये वेड रेनर आणि कर्टिस कुत्रीवरून भांडले. कुत्री वेडची, पिल्लं कोणाची यावरून! शाळेपासूनचे मित्र, दरवर्षी भांडायचे. दोघं बाहेर गेले. वेडची बंदूक त्याच्या पिकअपमध्ये होती. आवाज झाल्यावर वाढपीण खिडकीशी धावली, तिनं पाहिलं — कर्टिस खाली, बंदूक वेडच्या हातात. वेड इतका प्यालेला होता की त्याला मधलं काही आठवेना. एवढंच म्हणत राहिला, "बंदूक माझी, हात माझे." गुन्हा कबूल करून मोकळा झाला. पंधरा वर्षं.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

बैठक. मी, पोलीस चीफ डेनिस हाउगन आणि गॉर्डन. चीजचा कारखाना यायचा आहे गावात, साठ नोकऱ्या. कारखान्यातल्या कोणीतरी ती यादी पाहिली आणि विचारलं म्हणे, तुमच्याकडे रात्रपाळीला बायका सुरक्षित आहेत का!

गॉर्डननं माहिती काढून आणली होती. "ते नऊ-बी असतं ना? निष्काळजीपणानं मृत्यू? ते हिंसेच्या गुन्ह्यांत धरत नाहीत. मग कर्टिसचं नऊ-बी कर."

"बंदूक पुसताना सुटली, शिकारीत पाय घसरला, ते नऊ-बी. भांडणात झाडलेली गोळी कुठून नऊ-बी?"

"अगं, कोर्टानंसुद्धा खून म्हटलं नाही. मनुष्यवध म्हटलं."

"कोर्ट काय म्हणालं ते आम्ही मोजत नाही. पोलिसांना तपासात काय आढळलं ते मोजतो."

डेनिस खिडकीबाहेर बघत होता. त्याला मी संडे स्कूलमध्ये शिकवलंय, कचरला की अजूनही बाहेर बघतो. म्हणाला, "आर्डिस, काही वाव आहे का, एवढंच बघा. नसेल तर नाही."

"नाही," मी म्हटलं.

गॉर्डन जाताना म्हणाला, "साठ घरं चालली असती. तुझ्या एका अक्षरापायी!" माझ्या वर्गात होता हा. तेव्हाही गणिताची उत्तरं माझ्या वहीतून घ्यायचा, आणि चुकली की मलाच बोलायचा.

रविवार, २२ ऑक्टोबर

चर्चमध्ये बर्नाडीन कोटाची बटणं लावत माझ्यापाशी आली. "गॉर्डन माझ्या कर्टिसला यादीतून काढतोय म्हणे?"

"काढू देणार नाही मी."

"त्याला अपघात म्हणायचं आहे. माझा मुलगा मेला तो काय, जिन्यावरून पडून मेला?"

मी तिचा हात धरला. "बर्नाडीन, मी असेपर्यंत ते अक्षर बदलणार नाही. शब्द देते तुला."

ती गेल्यावरही माझ्या हाताला तिच्या हातमोज्याचा ओलावा लागत होता. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी एवढं बोलली. खरं सांगायचं तर बरं वाटलं मला. आपण कोणाच्या तरी बाजूला उभे आहोत असं वाटलं.

सोमवार, २३ ऑक्टोबर

पिअरला जोलीनला फोन. राज्याच्या ऑफिसात आमच्यासारख्या सगळ्या छोट्या खात्यांचं तीच बघते. म्हणाली, "तुमच्यासारखे दोन फोन आज आधीच आले! एका गावात तर माणूसही मेला नव्हता, गाय चोरीला गेली होती, यादीत नववं!" मग गंभीरपणे म्हणाली, "पुरावा बदलला तर कोड बदला. मर्जी बदलली म्हणून नको."

मी डेनिसला सांगून टाकलं — गेल्या वर्षीच्या सगळ्या फाइली मी पुन्हा तपासते. दोनशे अकरा. एकूण एक. म्हणजे पुन्हा कोणी माझ्या आकड्याकडे बोट दाखवायचं नाही.

"दोनशे अकरा!" डेनिस म्हणाला. "आर्डिस, एक तपासली तरी चालेल."

"मला चालणार नाही."

गुरुवार, २६ ऑक्टोबर

त्र्याहत्तर झाल्या. चुका दोन. एक वासरू 'इतर वस्तू'त टाकलं होतं, जनावरांचा कोड वेगळा आहे. आणि एका सायकलची किंमत बाराशे डॉलर! शून्य जास्त पडलं. दुरुस्त केलं. खिडकीतून पहिला बर्फ दिसला, टिकला नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

एकशे अठरा. आज नवी चूक नाही. डेनिसनं विचारलं, "अजून निर्दोष?" म्हटलं, अर्थात. दुपारी मुलं भुतांचे मुखवटे घालून आली, एकजण पोलीस होऊन आला होता. त्याला दोन चॉकलेटं जास्त दिली.

गुरुवार, २ नोव्हेंबर

एकशे सत्तेचाळीस नंबरच्या फाइलीत चर्चच्या तळघराची फुटलेली काच आहे. ऑगस्टमधली. पोरांचा चेंडू. एक पान असायला हवं.

चार पानं होती.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. गेले नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर

आता लिहिते. नीट लिहिते.

ती जादा तीन पानं मिनेसोटातल्या एका गावच्या पोलिसांनी पोस्टानं पाठवलेली होती. एक त्यांचं पत्र, दोन पानं जबाब. जबाब एका शिकाऱ्याचा — त्या शनिवारी आमच्याकडे तितर मारायला आला होता. घरी जाण्याआधी लुंडच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बायकोशी फोनवर बोलत होता. त्यानं सगळं पाहिलं, सुरुवातीपासून. वाढपिणीनं पाहिलं ते आवाजानंतरचं.

तो म्हणतो, पिकअपच्या सीटवरून बंदूक काढली ती हिरव्या टोपीवाल्यानं. हिरवी टोपी कर्टिसची. बियाणांच्या दुकानाची टोपी, ती डोक्यावरून कधी उतरायची नाही. तो ती बंदूक नाचवत हसत काहीतरी म्हणत होता. दुसरा ओरडत होता, "ठेव ती! भरलेली आहे, ठेव!" दुसऱ्यानं नळी धरून वर ढकलायचा प्रयत्न केला, पहिल्यानं आपल्याकडे ओढली, आणि ती उडाली. मग दुसरा ती हातात घेऊन उभाच राहिला. शिकारी लिहितो — मी घाबरलो आणि गाडी सुरू करून निघून गेलो, याची मला लाज वाटते. चार दिवस झोप लागली नाही, म्हणून आज आलो.

पत्रावर आमचा 'मिळालं' शिक्का आहे, गेल्या वर्षीचा. चोवीस ऑक्टोबर. खाली पेनानं फाइल नंबर, बावीस-एकशे सत्तेचाळीस, बावीस म्हणजे साल. अक्षर माझं.

कर्टिसची फाइल एकशे चौऱ्याहत्तर.

चार आणि सात. एवढंच. माझ्या हातून दोन आकडे इकडचे तिकडे झाले, आणि कागद काचेच्या फाइलीत गेला. कोणी वाचला नाही. डेनिसनं नाही, सरकारी वकिलानं नाही, वेडच्या वकिलानं नाही. फेब्रुवारीत वेडनं कबुली दिली.

रविवार, ५ नोव्हेंबर

चर्चला गेले नाही. चोवीस ऑक्टोबर आठवायचा प्रयत्न करतेय. आदल्या दिवशी कर्टिसचं दफन झालं होतं. जेवणासाठी आम्ही बायकांनी दोनशे पावांना लोणी लावलं, हॅम भरलं. मीही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तेव्हा डोळे सुजलेले होते, हे आठवतं. पोस्ट फोडली हे आठवत नाही. रोजच फोडते.

दुपारी एक विचार येऊन गेला. तो इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? ती तीन पानं माझ्या पिशवीत आहेत. कोणालाच माहीत नाही. बर्नाडीनला शब्द दिलेला आहे. गॉर्डनला मी डेनिससमोर नाही म्हटलं आहे. वेडनं स्वतः कबूल केलंय, त्यानं कधी तक्रार केली नाही. आणि माझी पेन्शन दोन वर्षांवर आहे.

स्वयंपाकघरात ती पानं हातात घेऊन शेगडीपाशी बराच वेळ उभी होते. शेगडी बंदच होती.

सोमवार, ६ नोव्हेंबर

डेनिसच्या खोलीत गेले, दार लावलं, पानं त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचली. परत पहिल्यापासून वाचली. खालचा नंबर वाचला, माझ्याकडे बघितलं.

"हे अक्षर —"

"माझं."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणाला, "आर्डिस, आज घरी जा. उद्या सकाळी या आणि हे आजच सापडलं असं मला सांगा. आज मी काही पाहिलं नाही." मला सवड देत होता तो, पानांचं काय करायचं ते ठरवायला. चांगुलपणानंच. मला माहीत आहे.

"डेनिस, फोन उचल."

आधी त्यानं मिनेसोटातल्या त्या शिकाऱ्याला लावला, आवाज मोठा ठेवून. त्या माणसानं दोनदा घंटा वाजल्यावर उचलला. डेनिसनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "वर्ष झालं. मला वाटलं होतं तुम्ही दुसऱ्याच दिवशी फोन कराल. पुढे वाटलं, माझ्या बोलण्यानं काही फरक पडला नसेल."

मग डेनिसनं सरकारी वकिलाला लावला. तेव्हा मी उठून आले.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

गॉर्डन डोनटचा खोका घेऊन आला! डझनभर. काउंटरवर थाप मारली. "म्हणजे नऊ-बीच की! मी म्हणत होतो ना!"

"वेड रेनर वर्षभर तुरुंगात आहे, गॉर्डन."

"हो, हो, ते वाईटच झालं. पण आकडा सुधारेल ना? साधारण कधी?"

मी म्हटलं, तपास पुरा झाला की. एकही डोनट घेतला नाही. गॉर्डनचं बरोबर होतं, आणि तरी त्याचं तोंड बघवेना. मला पटवायला त्याच्याकडे कारण नव्हतं, फक्त गरज होती. माझ्याकडे नियम होते, सगळे पाठ. आणि चुकले मी.

रविवार, १२ नोव्हेंबर

आज गेले बर्नाडीनकडे. कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. ती ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजत होती, एकटीसाठी एवढं मोठं भांडं. सवय सुटत नाही म्हणाली.

सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कोट न काढता. शिकारी, हिरवी टोपी, चार आणि सात.

तिनं ओव्हन बंद केला. "हसत होता?" तिनं विचारलं. "त्या माणसानं लिहिलंय, कर्टिस हसत होता?"

"हो."

"बंदूक हातात घेऊन."

"हो."

"लहानपणापासून तसाच. जे धरू नको म्हणावं ते धरायचा." मग तिनं भांडं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. मी जायला निघाले तेव्हा म्हणाली, "तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता."

"वर्षभर मला एक माणूस होता, ज्याच्यावर रागवावं असा. झोपताना त्याचं नाव घेऊन झोपायचे मी. आता कोणाचं घेऊ? तुझं?"

"घे," मी म्हटलं.

"जा आर्डिस. माझ्या घरातून जा."

गुरुवार, १६ नोव्हेंबर

चर्चचं ल्युटफिस्कचं, म्हणजे भिजवलेल्या सुक्या माशाचं जेवण. दरवर्षी उकडलेले बटाटे माझ्याकडे असतात. यंदा कोणी विचारलं नाही. मी घरी अंडं उकडलं.

शुक्रवार, १ डिसेंबर

डेनिसचा पुरवणी अहवाल पुरा झाला. वाढपिणीला पुन्हा विचारलं, ती म्हणाली मी आवाजानंतरच खिडकीशी गेले, पहिल्यांदाही हेच सांगितलं होतं. शवविच्छेदनाचे कागद राज्याच्या तज्ज्ञाकडे परत गेले होते. गोळीचा कोन खालून वर, नळीवर दोघांचे हात असतील तसाच. भरलेली बंदूक सीटवर उघडी ठेवणं ही वेडची चूक. तेवढीच.

दुपारी अडीचला बदललं. नऊ-ए काढलं, नऊ-बी घातलं. कारणाच्या रकान्यात भांडण होतं, ते पुसलं. 'बंदूक हाताळताना निष्काळजीपणा' असा एक कोड आहे, तो घातला. नातं — मित्र. ते तसंच राहिलं.

मशीननं एकही चूक दाखवली नाही. ते काय, त्यानं आधीही दाखवली नव्हती! सगळे रकाने भरलेले असले की त्याचं समाधान होतं.

जोलीनचा फोन आला. तिनं आधी कामाचं विचारलं, मग म्हणाली, "आर्डिस, तुम्ही ठीक आहात ना?" बावीस वर्षांत एकदाही भेटलो नाही आम्ही. रडू आलं.

सोमवार, ४ डिसेंबर

राजीनामा लिहून डेनिसच्या टेबलावर ठेवला. त्यानं वाचून माझ्याच ट्रेमध्ये परत टाकला. "आता बाहेरून येणारा प्रत्येक कागद दोघांनी बघायचा. तुम्ही आणि मी. तुम्ही गेलात तर मी एकटाच राहीन, आणि माझं अक्षर तुमच्याहून वाईट आहे." मग म्हणाला, "आणि असा साक्षीदार शोधायचं मलाही सुचलं नाही. त्या दिवशी पार्किंगमध्ये बाहेरच्या किती गाड्या होत्या, मी विचारलंच नाही. वेडनं कबूल केलं, मी सुटलो."

रोज साडेदहाला बसतो आता आम्ही. तो नंबर मोठ्यानं वाचतो, मी फाइलीवरचा वाचते. शाळेत पाढे म्हणतात तसं.

मंगळवार, २ जानेवारी

उणे बावीस अंश. गाडी सुरू झाली नाही, चालत गेले. चीजवाल्यांनी शेजारचा तालुका घेतला. यादीमुळे नव्हे, तिकडे पाणी जास्त आहे म्हणून. गॉर्डननं स्वतः येऊन सांगितलं. खुर्चीत बसला, पहिल्यांदाच विचारून. "मी उगीच तुझ्या मागे लागलो," म्हणाला. म्हटलं, तू लागला नसतास तर ती फाइल कोणी उघडली नसती.

बुधवार, १४ फेब्रुवारी

कोर्ट. मला साक्षीला बोलावलं होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे अक्षर कोणाचं? माझं. तुम्ही हे मुद्दाम केलंत? नाही. कसं झालं सांगू शकाल? नाही, मला आठवत नाही, मी दमले होते. वेडच्या वकिलाला जास्त काही विचारायचं नव्हतं.

बर्नाडीन आली नव्हती. तिची जागा पहिल्या रांगेत रिकामी ठेवली होती.

मधल्या सुट्टीत वेडशी दोन मिनिटं बोलू दिलं, मध्ये रक्षक. बारीक झालाय. केस मागे गेलेत. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "त्या माणसानं खरंच असं लिहिलंय? मी ओरडत होतो — ठेव ती, भरलेली आहे?"

"शब्द तेच आहेत."

"मी ठेव म्हणत होतो." त्यानं ते पुन्हा म्हटलं, माझ्याशी नव्हे. "रोज सकाळी उठून मी आठवायचा प्रयत्न करायचो. काहीच यायचं नाही. मग मीच रिकामी जागा भरली. मीच बंदूक काढली, मीच नेम धरला, इथपर्यंत. मला ते दिसायचं, आर्डिसबाई. जे झालंच नाही ते मला दिसायचं."

रक्षकानं घड्याळाकडे बघितलं. माफी राहूनच गेली.

शुक्रवार, १५ मार्च

निकाल. जुनी शिक्षा रद्द. नव्यानं — दुसऱ्या दर्जाचा मनुष्यवध, भोगली तेवढी पुरे. कागदपत्रांना तीन आठवडे.

मंगळवार, २ एप्रिल

शुक्रवारी सुटतोय. तुरुंग तीन तासांवर. त्याला आणायला कोण जाणार? आई नाही. बाप मर्ल, अर्धांगवायूनंतर वृद्धाश्रमात, गाडी चालवता येत नाही. डेनिस म्हणाला मी गेलो तर पुन्हा पकडून नेतोय असं दिसेल. मी मर्लकडे गेले. म्हटलं, मी जाते, मला जाऊ दे.

त्यानं बऱ्या हातानं चादर सरळ केली. "तू नको."

"बरं."

"तुझ्यावर राग नाही माझा. पण तीन तास गाडीत तो तुला समजावत बसेल, काही हरकत नाही म्हणून. त्याला ते काम नको."

त्यानं बरोबर ओळखलं. मी त्यासाठीच जाणार होते.

बुधवार, ३ एप्रिल

डेनिसनं बसचं तिकीट पाठवलं वेडला. बस आठवड्यातून दोनदाच येते, शुक्रवारी येते हे नशीब. संध्याकाळी चारला, पेट्रोल पंपापाशी.

शुक्रवार, ५ एप्रिल

बस चार वाजता आली. कोणी उतरलं नाही.

सव्वाचारला बर्नाडीनची गाडी आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोरून गेली, सावकाश, रस्त्यावर बर्फ होता म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या सीटवर वेड होता. त्याच्या अंगात कर्टिसचा कोट होता.